क्लेम नॉस्केचे सत्तावीस हिवाळे

क्लेम नॉस्केची पाठ मी जितकी पाहिली आहे तितकी त्याच्या बायकोनंही पाहिली नसेल. कारण सरळ आहे. तो ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळणाऱ्या आमच्या कुरिंगा गावच्या क्लबचा फुलबॅक, म्हणजे गोलच्या तोंडाशी उभा राहून समोरच्याला गोल मारू न देणारा गडी. आणि मी त्याच क्लबचा गोलपंच, दोन उंच खांबांच्या मधोमध पांढरा कोट घालून उभा. सामन्याचे चार डाव, त्यातले दोन तो माझ्या पुढ्यात. हंगाम हिवाळ्याचा; असे सत्तावीस हिवाळे. एरवी मी गावचा पाववाला. भट्टीवरचा कोट आणि मैदानावरचा कोट एकच आहे, असं लोक म्हणायचे. ते खोटं होतं, पण मी कधी वाद घातला नाही.

क्लेम सतराव्या वर्षी, एकसष्ट साली, पहिल्या संघात आला. हातापायानं लांब, बोलायला अगदी कमी. त्याच वर्षी तो कौन्सिलच्या नोकरीला लागला. कच्चे रस्ते सपाट करायचं पिवळं यंत्र घेऊन तो आठवडाभर गव्हाच्या शेतांमधून फिरायचा, एकटाच. त्यामुळे असेल, शनिवारी माणसं दिसली की त्याला बरं वाटायचं. बोलायचा मात्र तरीही नाही. उभा राहायचा, ऐकायचा, आणि चेंडू आला की झेप घेऊन तो मुठीनं असा लांब उडवायचा की समोरच्याच्या हातात नुसता वारा यायचा.

पासष्ट साली मेलबर्नच्या एका मोठ्या क्लबाचं पत्र आलं. गावानं त्याला हॉलमध्ये जेवण देऊन, सूटकेस भेट देऊन आगगाडीत बसवलं. महिन्याभरात तो त्याच सूटकेससकट परत. गावात तर्क सुरू झाले: पाय दुखावला, घरची आठवण आली, कुणाशी भांडला. मी एकदा पाव बांधून देता देता विचारलं.

"खरं सांग क्लेम, काय झालं?"

"काही नाही. खेळायला घेत होते."

"मग?"

त्यानं पाव काखेत धरले. "तिथं सामना संपला की सगळे आपापल्या घरी जातात रे."

एवढंच. आमच्याकडे सामना संपला की बायकांनी मांडलेला चहा, केक, मग पबमध्ये सगळा सामना तोंडानं परत एकदा. ते तिथं नव्हतं. ज्यानं पोराला मोठ्या मैदानात पाहायची स्वप्नं रंगवली होती तो आमचा अध्यक्ष व्हर्न पॉलॉक वर्षभर हळहळत होता. क्लेमला मात्र त्याचं काही वाटलं नाही. मंगळवारी तो सरावाला हजर.

पुढच्याच हंगामात गावच्या छोट्या इस्पितळात बेरिल नावाची नवी नर्स आली. एका शनिवारी क्लेमची भुवई फुटली आणि तिनं चार टाके घातले. पंधरा दिवसांनी हनुवटी. मग पुन्हा भुवई, दुसरी. ती तिसरी जखम होताना मी मागेच उभा होतो. समोरचं कोपर येताना मला दिसलं, तर त्याला दिसलं नसेल? पण तो जागचा हलला नाही.

बेरिलच्याही ते लक्षात आलं असावं. टाके घालून झाल्यावर ती म्हणाली, "नॉस्के, पुढच्या वेळी मला भेटायचं असेल तर दारावर टकटक कर. डोकं फोडून घ्यायची गरज नाही."

"दार कुठलं?" क्लेमनं विचारलं.

त्याच्या आयुष्यातलं सर्वांत हजरजबाबी वाक्य ते हेच. पुढच्या वर्षी लग्न झालं. केक माझ्या भट्टीतला.

आता रेक्स टकवेलबद्दल सांगायला हवं. आमच्यापासून वीस मैलांवर यारिप नावाचं गाव. आमचं आणि त्यांचं कधीच पटलं नाही. का, ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. रेक्स हा यारिपचा गोल मारणारा, म्हणजे क्लेमचा कायमचा जोडीदार. वर्षातून दोनदा, कधी तीनदा, हे दोघे एकमेकांना चिकटून दुपार काढायचे. रेक्सचं तोंड एका जागी राहत नसे.

"क्लेम, अरे यारिपच्या रस्त्यावर एवढे खड्डे! मी सामन्याला वेळेवर पोचू नये म्हणून मुद्दाम ठेवतोस ना?"

क्लेम गप्प. डाव संपला, सगळे संत्र्याच्या फोडी खायला निघाले, तेव्हा क्लेम जाता जाता म्हणाला, "हो."

रेक्स हसून हसून गुडघ्यावर बसला.

एकोणसत्तर सालची गोष्ट. हंगामातला शेवटचा साखळी सामना, आमच्या मैदानावर, यारिपशी. जिंकेल तो पुढं जाणार, हरेल त्यानं बूट खुंटीला टांगायचे. आम्ही चार गुणांनी पुढं होतो आणि शेवटचं मिनिट चालू होतं. सूर्य धान्याच्या कोठारांमागे उतरत होता आणि थेट माझ्या डोळ्यांत. रेक्सनं लांबून चेंडू मारला. क्लेम उडाला. चेंडू त्याच्या बोटांवरून, उंच खांबांच्या मधून, माझ्या डोक्यावरून गेला. स्वच्छ गेला असेल तर सहा गुण, आणि आम्ही हरलो. क्लेमच्या बोटाला नुसता चाटून गेला असेल तर एकच गुण, आणि आम्ही जिंकलो.

मला दिसलंच नाही. उन्हात मला क्लेमचा हात दिसला आणि चेंडू दिसला, पण त्या दोघांमधलं अंतर दिसलं नाही.

आमचे सगळे खेळाडू ओरडत होते, "लागला! हात लागला!" रेक्सही धावत आला, पण तोंडातून शब्द नाही. असं पहिल्यांदाच झालं. पंचानं खेळाडूला विचारायचं नसतं, हे मला माहीत होतं. तरी मी खाली मान घालून पुटपुटलो, "लागला का रे?"

क्लेमनं माझ्याकडे पाहिलं. "नाही लागला, मॉरी."

मी दोन्ही निशाणं उचलून हलवली. सहा गुण. तेवढ्यात भोंगा झाला. आम्ही दोन गुणांनी हरलो.

त्या सोमवारी माझे निम्मे पाव फळीवरच राहिले. व्हर्न पॉलॉक रस्त्यात मला पाहून पलीकडच्या बाजूला गेला. माझ्या काचेवर कुणीतरी साबणानं चष्म्याचं चित्र काढलं. मी कुणाला काही बोललो नाही. बोलणार काय? फुलबॅकला विचारून निकाल दिला असं सांगितलं असतं, तर दोघांचीही नाचक्की.

मंगळवारी सकाळी दुकानासमोर ते पिवळं यंत्र धडधडत येऊन थांबलं. क्लेमनं इंजिन बंद न करताच खाली उडी मारली. दुकानात पाच-सहा बायका होत्या, व्हर्नची बायकोही. क्लेम दारातच उभा राहिला आणि मी कधी ऐकला नव्हता अशा मोठ्या आवाजात म्हणाला, "दोन पाव दे, मॉरी. आणि बाकीच्यांनी ऐका. माझा हात लागला नव्हता. तो गोलच होता. यावर कुणाला भांडायचं असेल तर मी दिवसभर त्या यंत्रावर बसलेला असतो. शोधायला त्रास पडणार नाही."

पाव घेऊन तो गेला. व्हर्नच्या बायकोनं पुढं येऊन तीन पाव मागितले.

नंतर एकदा मी त्याला म्हटलं, "नुसतं गप्प राहिला असतास तरी चाललं असतं."

"राहिलो असतो," तो म्हणाला. "तू विचारलंस म्हणून पंचाईत झाली."

त्यानंतर त्यानं दोन विजेतेपदं पाहिली, तीन अंतिम सामने हरला, दोन मुली वाढवल्या. एका हंगामात मोडक्या अंगठ्यानं अकरा सामने खेळला. पण गाव मात्र हळूहळू रिकामं होत चाललं होतं. शेतं मोठी होत गेली, घरं कमी. ब्याऐंशीचा दुष्काळ आला आणि बँक गेली, आगगाडी गेली, तरणी माणसं शहराकडे गेली. चौऱ्याऐंशी साली अठरा खेळाडू जमवताना आमच्या नाकी नऊ आले. यारिपची गत तीच. तेव्हा प्रस्ताव आला: दोन्ही क्लब एक करायचे.

हॉल गच्च भरला होता. म्हातारा व्हर्न उभा राहिला. आवाज थरथरत होता, पण शब्द पक्के होते. "माझ्या बापानं या मैदानावरचे दगड हातानं वेचले. आपला रंग तपकिरी, त्यांचा निळा. दोन्ही मिसळून कसला सदरा होणार? शेणात आभाळ पडल्यासारखा! मी तो माझ्या कुत्र्यालाही घालणार नाही."

टाळ्यांचा कडकडाट. मग सगळ्यांच्या माना मागच्या रांगेकडे वळल्या. क्लेम उभा राहिला होता. चाळीस वर्षांचा, केस मागे हटलेले. लोकांची खात्री होती, कुरिंगासाठी चारशेवर सामने खेळलेला माणूस नाहीच म्हणणार.

"गेल्या शनिवारी मी दोन सामने खेळलो," तो म्हणाला. "सकाळी दुसऱ्या संघातून, दुपारी पहिल्या. हौस म्हणून नाही. माणूसच नव्हता. व्हर्न, तुझ्या वडलांनी दगड वेचले ते लोकांनी खेळावं म्हणून. मला आपला क्लब सोडवत नाही. पण शनिवारी मैदान रिकामं बघवणार नाही मला." त्यानं टोपी हातात फिरवली. "मी हो म्हणणार."

आणि तो बसला. इतका वेळ सलग बोलताना त्याला बेरिलनंही पाहिलं नव्हतं. ती शेजारी बसून नाक पुसत होती.

प्रस्ताव मंजूर झाला. तिकडे यारिपमध्येही झाला. रेक्सनं नंतर मला सांगितलं की तिथं एक जण ओरडला, कुरिंगाचे लोक आपल्याला गिळून टाकतील, तेव्हा रेक्स उठून म्हणाला, "त्यांच्यातल्या एकानं खोटं बोलून जिंकायची वेळ आली असताना खरं सांगितलं होतं. मी तिथं दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. त्याच्याशी सोयरीक करायला मला भीती नाही."

व्हर्ननं मात्र क्लेमशी बोलणं टाकलं.

नव्या क्लबाचा पहिला सराव यारिपला होता. क्लेम कपडे बदलायच्या खोलीत शिरला आणि तो तपकिरी-निळा सदरा हातात धरून दाराशीच घुटमळला. रेक्स आत बाकावर बूट बांधत होता. पोट सुटलेलं, तोंड तेच.

"ये की लेका! वीस वर्षं माझ्या अंगाला चिकटून उभा होतास. आता शेजारी बसायला लाजतोस?"

क्लेम बसला आणि म्हणाला, "तू अजून तेच तेल चोळतोस? वास ओळखला मी."

पुढची तीन वर्षं दोघे दुसऱ्या संघातून खेळले, मैदानाच्या दोन टोकांना. लांबूनच रेक्स काहीतरी ओरडायचा आणि क्लेम ऐकू आलं नाही असं दाखवायचा.

शेवटचा सामना हिवाळा सरताना, सत्त्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये, कुरिंगाला. सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मैदानाभोवती गाड्यांची सलग रांग लागली होती. तिसऱ्या डावात चेंडूवर झेपावताना क्लेमच्या मांडीत काहीतरी तटकन तुटलं. मला ते पाठीवरूनच कळलं. तो पाय ओढत होता, पण बाहेर जायचं नाव नाही. मी म्हटलं, "क्लेम, पुरे आता." त्यानं ऐकलं नाही. पुढचा चेंडू तशाच लंगड्या पायानं त्यानं मुठीनं उडवला.

तेवढ्यात सीमारेषेवरून आवाज आला. बेरिल. आता ती इस्पितळाची मुख्य नर्स होती आणि तिचा आवाज वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा.

"क्लेम नॉस्के! आत्ताच्या आत्ता बाहेर! की येऊ मी आत?"

मैदानावरच्या पंचानं चेंडू काखेत धरला आणि तो हसायला लागला. दोन्ही संघ हसायला लागले. क्लेमनं माझ्याकडे वळून पाहिलं, खांदे उडवले आणि लंगडत निघाला. कुणी सांगितलं नव्हतं, पण दोन्ही बाजूंचे खेळाडू दोन रांगा करून उभे राहिले. रेक्सनं त्याला खांद्याचा आधार दिला. गाड्यांचे भोंगे सुरू झाले. आधी एक, मग सगळेच. कोठारांच्या बाजूला एक जुनी हिरवी गाडी उभी होती, तिचा भोंगा सगळ्यांत शेवटी थांबला. ती व्हर्नची होती.

पुढच्या हिवाळ्यात पहिल्या शनिवारी काय करावं ते क्लेमला कळेना. त्यानं बेरिलची गुलाबाची झाडं छाटायला घेतली आणि बुंध्यापर्यंत छाटली. बेरिलचा मला फोन आला, "मॉरी, याला घेऊन जा. कुठंही ने." मी त्याला मैदानावर नेलं. आमच्या लोकांनी त्याला सॉसेज भाजायला बसवलं. ते त्यानं कोळशासारखे केले. मग रेक्सनंच त्याला तिथून काढून, मैदानाच्या कडेला सामना बघायला लावलेल्या आपल्या गाडीत नेऊन बसवलं.

आता दर शनिवारी ते दोघे तिथंच असतात. काचा वाफेनं धुरकटलेल्या, मधे चहाचा थर्मास, बेरिलनं दिलेल्या केकचा डबा. रेक्स प्रत्येक चेंडूवर बोलतो. परवा मी कोट घालून खांबांकडे निघालो होतो. जाता जाता काचेतून डोकावलो.

"काय म्हणतोय फुलबॅक आज?" मी विचारलं.

"म्हणतो कुठं?" रेक्स ओरडला. "तासभर झाला, एक शब्द नाही. केक मात्र सगळा संपवला!"

क्लेमनं डबा माझ्यापुढं धरला. एक तुकडा शिल्लक होता.