जावें की जाऊं नये

मामंजींशी माझं शेवटचं बोलणं झालं तेव्हा ते दुकानामागच्या खोलीत पडून होते आणि मी त्यांना पेज भरवत होते. दोन चमचे घेतले, तिसरा हातानं बाजूला सारला आणि म्हणाले, "अगे सूनबाई, मला तिथें बोलावूं नका. मी हितेंच असेन." मी "बरं" म्हटलं. दुखणाइताच्या बोलण्याला आपण मान डोलावतो, तशी डोलावली... दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. त्याला आता काही आठवडे लोटले. पण 'तिथें' म्हणजे कुठं, हे पुण्यासाताऱ्याच्या वाचकांना कळायचं तर मला जरा मागं जावं लागेल.

मी वाईची. आमचे हे वकिली शिकायला पुण्यास आले आणि शिकून जाताना मला कुंभकोणमला घेऊन आले. इथल्या मराठीला मी पहिलं वर्षभर तोंडाला पदर लावून हसले. माणसं पोथीतून उठून आल्यासारखी बोलतात. हे घराणं मराठ्यांबरोबर तंजावरास आलेलं. राज्य खालसा झालं, दरबारची चाकरी गेली, आणि मामंजींच्या वडिलांनी इथं कुंभकोणमला येऊन पितळेचं दुकान काढलं. दुकानात समया होत्या, परातींच्या चळती होत्या, पण मामंजींचा जीव कूजात. कूजा म्हणजे फिरकीच्या झाकणाचा, कडीचा प्रवासी तांब्या. नागपट्टणहून आगबोटीत चढणारा मनुष्य वाटेत आमच्या दुकानी थांबायचाच. कोणी पिनांगला निघालेला, कोणी सिलोनला, कोणी पार आफ्रिकेत नाताळला. परत आलेलेही ओट्यावर येऊन बसत आणि तिकडच्या गोष्टी सांगत. त्यामुळं शेजारच्या पट्टीश्वरम गावाच्या पलीकडं क्वचितच गेलेल्या या माणसाला सगळी दुनिया तोंडपाठ होती, आणि कुठल्या देशाला जावं, कुठल्या नाही, हे लोक त्यांनाच विचारत.

त्यांची पारख मात्र विचित्र होती. पगार किती, हवा कशी, साप आहेत का, यातलं काही ते विचारत नसत. गिऱ्हाइकाशी तमिळमध्ये बोलून झालं की एकच प्रश्न करत: तिथं मेलास तर तुझ्या नावानं भात कोण वाढील? रंगूनला चुलता आहे म्हणणाऱ्याला "जावें" असा हुकूम मिळे आणि कूजा हाती पडे. जो नुसता डोकं खाजवी, त्याला "जाऊं नये," आणि कूजा परत फळीवर. मला राग यायचा. आलेलं गिऱ्हाईक असं हाकलून द्यायचं म्हणजे काय? त्यातले काही जण दुसऱ्या दुकानातून कूजा घेऊन गेलेच. त्यातलं कोण परत आलं आणि कोण नाही, याची चौकशी करायचा धीर मला कधी झाला नाही.

एकदा दुपारी मी सहज विचारलं, "आणि आमच्या देशाला? जावं की जाऊ नये?" मामंजी समई घासत होते. हात थांबला. म्हणाले, "तो तर सर्वांत वाईट. तिथें आमचीं माणसें उपाशी बसलीं आहेत."

मग समजलं. या घरात श्राद्धाच्या संकल्पात आजही 'गोदावरीच्या दक्षिण तीरावर' असंच म्हणतात. पहिला पुरुष इकडं आला तेव्हा जे म्हणत होता ते त्याच्या मुलानं म्हटलं, नातवानं म्हटलं, कुणी बदललं नाही. मी म्हटलं, अहो, गोदावरीच्या दक्षिणेला म्हणजे सगळा खालचा मुलूख आला, आमचे वाईचे भटजीही तेच म्हणतात. मामंजी हसले नाहीत. "इतक्या पिढ्या आम्ही भात हितें वाढतों आणि ठिकाण तिथलें सांगतों. पितर तिथें येतात. पाहतात तों पान नाही. उठून जावें तर बोलावणें झालेलें... बसून राहतात बिचारे." बाहेर भर उन्हाचा रस्ता होता, आणि माझ्या अंगावर काटा आला.

ह्यांनी ही भीती मोडायचं ठरवलं. नाशिकला नेतो, गोदावरी डोळ्यांनी पाहा, मग काय ते बोला, असं म्हणून तयारी केली. मामंजी मुकाट्यानं स्टेशनवर आले. मद्रासची गाडी लागली. आमच्या समोरचा डबा रिकामा होता, मी स्वतः पाहिला. बाकांवर ऊन पडलं होतं, दुसरं काही नाही. मामंजींनी एक पाय आत ठेवला आणि तसाच मागं घेतला. "जागा नाही," म्हणाले. हे वैतागले, "अप्पा, सबंध डबा रिकामा आहे!" मामंजी अगदी हळू म्हणाले, "मला बसवायला सगळे उठून उभे राहिले आहेत रे." गाडी गेली. त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मी मामंजींचं ते शेवटचं बोलणं ह्यांना सांगितलं. ह्यांनी उपाध्यांच्या कानावर घातलं. उपाध्ये म्हणाले, चालत आलेला संकल्प मोडायचा नसतो. कोर्टात तासतासभर भांडणारा हा माणूस तिथं मान डोलावून आला, आणि कावेरीच्या घाटावर तेच जुने शब्द म्हटले गेले. मी वरच्या पायरीवर उभी होते. कुंभकोणमचे कावळे हातातला घास ओढून नेणारे. शेजारच्या कुटुंबाचा पिंड ठेवताक्षणी उचलला गेला. आमच्या पिंडाकडं एक फिरकेना. झाडावर गच्च बसले होते, आणि ओरडत नव्हते. ह्यांनी दुकान चालवीन म्हटलं, बहिणींना अंतर देणार नाही म्हटलं. ऊन डोक्यावर आलं. मला मामंजींची फार फार दया आली... जन्मभर दुसऱ्यांच्या भाताची काळजी केली, आणि आपणच त्यांना नको त्या गावी धाडत होतो. घाटावर बायकांनी तोंड उघडायचं नसतं, पण मी ओरडले, "अहो, इथलं नाव घ्या!"

ह्यांनी उपाध्यांकडं पाहिलं नाही. ओंजळभर पाणी घेतलं आणि घरच्या बोलीत म्हणाले, "अप्पा, कावेरीच्या तीरीं या. हितें या."

कावळे उतरले. एक नाही, सगळे. पिंडावर झडप नाही, भांडण नाही. पायऱ्यांवर ओळीनं बसत गेले, पंगतीला बसतात तसे, आणि मागून आणखी येतच राहिले. उपाध्ये दोन पायऱ्या मागं सरले. मामंजी एकटे आले नव्हते. ज्यांना जन्मभर भ्यायले, त्या सगळ्यांना ते बरोबर घेऊन आले होते, आणि पायरीवर पिंड एकच होता.

"अहो, किती आहेत?" मी वरून विचारलं.

"मोजूं नकोस," हे म्हणाले. "घरीं जा. दुकानांतलें सर्वांत मोठें पातेलें चढव."