तबकडीतल्या बाईंची पाठ

हट्ट हा माझा जन्मजात गुण. त्याला दुर्गुण म्हणणारे माहेरी होते, सासरी तर होतेच. पण त्या हट्टापायीच मी एकदा धारवाडच्या आमच्या दिवाणखान्यात, भर बैठकीत, पुरुषांच्या समोर जाऊन बसले.

सासरे वकील. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणत, म्हणून मीही म्हणायची. त्यांनी हुबळीहून मोठ्या कर्ण्याचा ग्रामोफोन आणला होता. त्याच्या तबकड्यांतली एक माझी, म्हणजे मीच ती माझी ठरवली होती. तिच्यावर एका बाईंचं पद होतं. बाई आमच्याच मुलखातल्या, घरी कानडी बोलणाऱ्या. पण मराठी पद म्हणायच्या ते ऐकून पुण्याच्या लोकांनी कान धरावेत. त्या काळच्या जुन्या तबकड्यांवर गाणं संपलं की गाणारी माणसं ठसक्यात स्वतःचं नाव सांगत. बाईही सांगायच्या. आम्हाला तो गाण्याचाच शेवट वाटायचा. मी स्वयंपाकघरात काम करता करता ते पद म्हणायची, ते बाईंच्या नावासकट.

पदाच्या मध्यावर एक जागा होती. सूर खालून निघून वर चढायचा, तिथं थोडा रेंगाळायचा आणि एका दमात फिरत फिरत खाली यायचा. माझा दम अर्ध्यातच सुटायचा. रोज. एकदा अप्पा ऐकून म्हणाले, "अगं, ती यंत्राची करामत असते. तुकडे जोडतात आत. माणसाच्या छातीला ते झेपायचं नाही." मला हे मुळीच पटलं नाही. बाई माणूसच होत्या की! पण खात्री कशी करणार?

मग एके दिवशी अप्पांनीच जेवताना सांगितलं, की कोर्टातल्या मंडळींसाठी आपल्याकडे गाण्याची बैठक ठरवलीय आणि गायला त्याच बाई येणार आहेत. माझ्या हातातलं ताकाचं भांडं कलंडलं. ती जागा बाई घेतील तेव्हा मी त्यांना समोरून, जवळून बघणार, हे मी तिथंच ठरवून टाकलं.

"बघशील की," सासूबाई म्हणाल्या. "चिकामागून."

बायकांनी चिकाच्या पडद्याआड बसायचं, ही रीत. त्या काड्यांच्या फटींतून माणूस दिसायचं ते तुकड्यातुकड्यांनी. मी म्हटलं, "मला समोर बसायचंय." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि भाजी चिरायला घेतली.

बैठकीच्या दिवशी दुपारच्या गाडीनं बाई आल्या. बरोबर तबलजी, पेटीवाले आणि तंबोऱ्यावर बसणारी भाची. भाची तापानं फणफणलेली. आल्या आल्या ती आडवीच झाली. बाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, मागं तंबोरा नसला तर मी गात नाही." अप्पांचा चेहरा उतरला. आमंत्रणं गेलेली, गाद्या-लोड मांडून झालेले. तंबोरा धरणारं माणूस आयत्या वेळी आणायचं कुठून?

"मी धरते," मी म्हटलं.

माझे वडील अळणावरला शाळामास्तर. त्यांच्या भजनात तंबोऱ्यावर मीच बसायची. सासरी हे कुणी विचारलंच नव्हतं.

"वकिलाची सून साथीला बसणार?" अप्पा कडाडले. "उद्या कोर्टात तोंड दाखवायला नको मला?"

"डोक्यावरून पदर घेऊन बाईंच्या मागं बसेन. मला कोण बघतंय? आणि बैठक मोडली तर तोंड दाखवता येईल का?"

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "बसू दे तिला. घरातच बसणार आहे, थेटरात नाही." त्या माझ्या बाजूनं का बोलल्या, ते मला तेव्हा कळलं नाही.

बसल्यावर मात्र माझ्या ध्यानात आलं, की आपण आपलीच फसगत करून घेतली. तंबोरा मागं असतो. हात लांबवला असता तर बाईंच्या पदराला लागला असता, इतकी मी जवळ. आणि मला दिसत होता अंबाडा, त्यावरची अबोलीची वेणी आणि इरकली लुगड्यातली पाठ. चिकामागच्या बायकांना निदान तुकड्यातुकड्यांनी तोंड तरी दिसत होतं! मला स्वतःचा असा राग आला, की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. पण आता उठायची सोय नव्हती. म्हटलं, पाठ तर पाठ. तीच बघू.

शेवटी बाईंनी ते पद घेतलं. जागा जवळ आली. तिच्या दोन शब्द अलीकडेच, जिथं मी कधीच थांबले नव्हते तिथं, बाईंची पाठ भरली. चोळी बरगड्यांशी ताणली गेली. खांदे मात्र जागचे हलले नाहीत. मी तर तिथं घागर उचलावी तसे खांदे उचलायची. सूर वर गेला, रेंगाळला, फिरत खाली आला आणि बरगड्या सावकाश मिटल्या. तबकडीत एकदाच येणारी ती जागा बाईंनी पुन्हा पुन्हा घेतली, दर वेळी निराळी. यंत्राची करामत कसली! मला इतका आनंद झाला, की तारांवरची बोटं थांबतील असं वाटलं. मी ती थांबू दिली नाहीत.

पद संपलं आणि बाईंनी नाव काही सांगितलं नाही. चिकामागं चुळबुळ झाली. त्या बायकाही वाट बघत होत्या.

सकाळी बाई मागच्या सोप्यावर कॉफी घेत होत्या. असल्या पाहुण्यांचा पेला आमच्याकडे निराळा ठेवलेला असे. सासूबाईंनी त्यांना घरातलाच दिला होता. मला बघून बाई म्हणाल्या, "तंबोरा चांगला धरलास. गातेस काय?"

घरंदाज सुनेनं नाही म्हणायचं असतं. मी म्हटलं, "तुमचंच पद येतं."

"मग म्हण की."

मी म्हटलं. खांदे खाली ठेवले, दोन शब्द अलीकडे श्वास घेतला. वरचा सूर जरा चिरकला, पण दम पुरला. अगदी खालपर्यंत पुरला. आणि त्या आनंदाच्या भरात, रोजच्या सवयीनं, पद संपताच मी ठसक्यात बाईंचं नाव सांगून टाकलं!

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. बाई तर हसून हसून डोळे पुसायला लागल्या. मग माझी हनुवटी वर उचलून म्हणाल्या, "अगं, ते माझं झालं. निन्न हेसर हेळव्वा. तुझं नाव सांग."

लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेलं सासरचं नाव जिभेवर आलं होतं. पण त्या नावाची बाई कधी गायलीच नव्हती. तंबोरा धरणारी, दम सुटला तरी पुन्हा पहिल्यापासून म्हणणारी, ती अळणावरची होती. मी माहेरचं नाव सांगितलं. तसंच, ठसक्यात, घरभर ऐकू जाईल असं. आतून अप्पांच्या खोकल्याचा आवाज आला. दुपारी पानं मांडायला सासूबाईंनी मला त्याच नावानं हाक मारली. एकदाच.

आता नातवंडं मला ते पद म्हणायला लावतात, ती शेवटासाठीच. पद संपलं की मी माझं नाव सांगते आणि ती खो खो हसतात. हसू देत. त्या जागेला दम आता पुन्हा अर्ध्यातच सुटतो. नाव मात्र मी पुरतं सांगते.