डाव्या हाताची चाल

मार्थाबाई ओठांपाशी नेलेला चहाचा कप तसाच धरून मोबाईलकडे बघत राहिल्या. लेकीनं, ग्लोरियानं, पुण्याहून व्हिडिओ पाठवला होता. परदेशातल्या कुठल्याशा सभागृहात एक बाई पियानोच्या घडणीचं, पण तारा छेडल्यासारखं वाजणारं जुनं वाद्य वाजवत होती. आणि वाजत होती ती बाबांची चाल!

कोल्हारच्या चर्चमध्ये मार्थाबाई तीस वर्षं पायपेटी वाजवत आल्या होत्या. शाळेतली नोकरी संपली, तरी रविवारची पेटी सुटली नव्हती. लग्न असो की माती, शेवटी ही चाल ठरलेली. वडिलांनी, विल्सनमास्तरांनी शिकवलेली. त्यांनीच ती बसवली, असं मार्थाबाई गावभर सांगायच्या.

"आई, ही तीनशे वर्षांपूर्वीची आहे. जर्मनीतली, बाख या संगीतकाराच्या काळातली," ग्लोरिया फोनवर म्हणाली.

मार्थाबाईंनी व्हिडिओ पुन्हा लावला. उजवा हात ओळखीचा होता. डावा मात्र दोन पावलं मागून तीच चाल घेऊन निघाला होता. उजव्याला गाठत होता, ओलांडून पुढे जात होता. बाबांनी तर सांगितलं होतं, डाव्यानं नुसता एक सूर धरायचा.

त्या तशाच उठल्या. ओसरीवर बसलेल्या आईच्या, सत्यशीलाबाईंच्या, कानाशी मोबाईल धरला.

म्हातारीनं डोळे मिटून ऐकलं. "व्हय, हीच. मिशनच्या सायबानं शिकवली हुती त्यांना. दोनी हातांनी वाजवायचे. लई ग्वाड!"

"दोन्ही हातांनी?"

"तुज्या जन्माआधी. मग गुऱ्हाळात चरकात हात गेला, डाव्याची तीन बोटं तुटली. तवापासनं डाव्या हाताचं ते तोंडानं गुणगुणायचे."

मार्थाबाईंना आठवलं. ते गुणगुणणं! शिकताना त्यानं त्यांची बोटं चुकायची. अकरा वर्षांच्या असताना त्या खेकसल्या होत्या, "बाबा, गप बसा ना, माझं चुकतंय!" आणि बाबा गप बसले होते. पेटीपाशी पुन्हा कधी गुणगुणले नाहीत.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस कधी?"

त्याच दुपारी मार्थाबाईंनी चर्चची किल्ली मागून आणली. व्हिडिओ निम्म्या वेगानं कसा लावायचा, ते ग्लोरियानं सांगितलं. जन्मभर एका सुरावर निजलेला डावा हात हलेचना. बोटं आखडायची, डोळे भरायचे, पण रोज तास-दीड तास त्या बसतच राहिल्या.

ईस्टरआधीच्या, झावळ्यांच्या रविवारी उपासना संपल्यावर त्या पेटीपाशी उभ्या राहिल्या. "ही चाल बाबांनी बसवलेली नाही. मी तुम्हाला चुकीचं सांगत आले," एवढंच बोलून बसल्या आणि दोन्ही हातांनी वाजवू लागल्या. दोनदा अडखळल्या. निघालेली माणसं चपला घालता घालता थबकली.

चर्चची देखभाल करणारे कारभारी जवळ आले. "बाई, आज पेटीवर दोघं बसल्यावानी वाटलं."

मार्थाबाईंनी पेटीचं झाकण लावलं. डाव्या हाताची चाल त्या तोंडानं गुणगुणत होत्या.