मोताळ्याच्या ड्रायव्हरचं चावीचं इंजिन

मोडलेली वस्तू पुन्हा चालू करून देण्याइतकं निर्मळ काम माणसाच्या हातून दुसरं होत नाही, असं मी मनापासून मानतो. बुलढाण्यात असताना एक चावीचं इंजिन मी जवळजवळ तीन वर्षं चालू होऊ दिलं नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

नवं राज्य झालं आणि माझी पुण्याहून बुलढाण्याच्या सरकारी हायस्कुलात बदली झाली. हुकमात ‘एकात्मता’ हा शब्द नव्हता, पण निरोपसमारंभात तो पाच वक्त्यांनी वापरला. त्यांच्यापैकी कुणाचीही बदली झालेली नव्हती. सामानात पुस्तकांच्या दोन पेट्या होत्या आणि जुन्या बाजारात घेतलेली तीन विलायती खेळण्यातली इंजिनं. पत्र्याची, चावी दिली की चालणारी. मलकापूरला आगगाडीतून उतरून पुढे बसने घाट चढलो, तेव्हा लक्षात आलं की जिल्ह्याच्या या मुख्य गावात आता तीनच इंजिनं आहेत आणि ती माझ्या मांडीवर आहेत.

वर्गातली मुलं माझ्या बोलण्याला हसत. तिसऱ्या महिन्यात हसायची थांबली, तेव्हा मात्र करमेनासं झालं. शाळा सुटल्यावर माझ्याशी बोलणारा माणूस म्हणजे खानावळवाला, आणि तोही ‘भात वाढू का?’ यापलीकडे जात नसे. खोलीवर येऊन मी फरशीवर रूळ जोडायचो आणि इंजिनं फिरवायचो. महिन्यातून एकदा ती उघडायची, चाकं-दाते रॉकेलनं धुवायचे, टाचणीच्या टोकानं प्रत्येक आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्यायचा. एकच. जास्त तेल धूळ ओढतं. तीन इंजिनांना मिळून एक रविवार जायचा. उरलेल्या रविवारांचं काय करायचं, हा प्रश्न होता.

शाळेच्या शिपायानं ही बातमी गावभर केली असावी. एका रविवारी दारात एक वयस्क गृहस्थ उभे राहिले. भुसावळला तीस वर्षं आगगाडीचं इंजिन चालवून निवृत्त झालेले, आता मोताळ्याला मुलाकडे राहणारे. धोतराच्या फडक्यातून त्यांनी एक हिरवं इंजिन काढलं.

“मास्तर, तुमी इंजिनं नीट करता म्हनते लोक. हे पाहा बरं. आमचा साहेब विलायतेले जातानी देऊन गेला.”

चाकं हलत नव्हती. पत्र्याच्या जिभल्या वळवून वरचं टोपण काढलं, तर आतले पितळी दाते पिवळ्या डिंकात चिकटलेले.

“काका, यात घातलं काय?”

“सुनेनं जवसाचं तेल टाकलं. पोरगी चांगली हाय. रोज टाके.”

जवसाचं तेल चटणीवर उत्तम. यंत्रात घातलं की ते वाळून वार्निश होतं. रोज घातलं की रोज एक थर. मी म्हटलं, पुढच्या रविवारी या.

दाते मी सोमवारी धुतले. मंगळवारी जोडणी करायची होती. तेव्हा माझ्या मनात आलं, की रविवारी काका येतील, इंजिन फडक्यात बांधतील आणि पुढच्या एसटीनं निघून जातील. मी दाते पुन्हा रॉकेलमध्ये टाकले.

रविवारी काका आले आणि दोन तास बसले. घाटात इंजिन दमलं की त्याचा आवाज कसा बदलतो, ते त्यांनी तोंडानं काढून दाखवलं. शेजारीण बघून गेली. माझ्या खोलीतून आवाज येण्याची तिला सवय नव्हती.

पुढचे दहा महिने मी कारणं शोधली. रंग वाळत नाही. चावीचं भोक झिजलंय. एकदा म्हणालो, आस वाकलाय.

“वाकला?” काकांनी आस उजेडात डोळ्यासमोर धरला, बोटांत फिरवला. “हाव. वाकला असंन.”

मग एका रविवारी काका बसलेले असतानाच गावातल्या रेल्वे मागणी समितीचे अध्यक्ष आले. ते वकील होते. एक उपमंत्री येणार होते आणि त्यांच्यापुढे समितीला मलकापूर ते बुलढाणा अशी छोटी रेल्वे चालवून दाखवायची होती. रेल्वे हे खातं त्या उपमंत्र्यांचं नव्हतं, त्यांच्या सरकारचंही नव्हतं. पण समितीला त्याचं काही वाटलं नाही.

“आमच्या जिल्ह्याच्या ड्रायव्हरचं इंजिन पायजे,” अध्यक्ष हिरव्या इंजिनाकडे बोट दाखवून म्हणाले. “हे पुण्याचे नाई चालत.”

काका खुर्चीत सरळ बसले. “होईन का मास्तर, पंधरा दिवसांत?”

त्यांचा चेहरा पाहून ‘नाही’ म्हणता आलं नाही. मी इंजिन जोडलं. कार्यक्रम झाला की काका ते तिथूनच घरी नेणार होते.

मांडवात लांब टेबलावर पुठ्ठ्याची स्टेशनं होती, मातीचा घाट होता. अध्यक्षांनी नारळ फोडला, धुराड्याला कुंकू लावलं. मग झेंडूचा हार आला.

“हार नको,” मी म्हणालो. “दोरा आसात जाईल.”

“मास्तर, शुभ काम हाय. बिनहाराचं इंजिन बरं दिसते का?”

उपमंत्र्यांनी हार घातला. काकांनी खटका सोडला. मलकापुराहून इंजिन झोकात निघालं आणि मोताळ्याला थांबलं. दोरा आसाला गुंडाळला होता. अध्यक्षांना वाटलं चावी संपली. मी पुढे होईपर्यंत त्यांनी ती जोर लावून फिरवली. आत ‘कट्’ असं वाजलं. टाळ्या पडल्या. उपमंत्री भाषणात म्हणाले, गाडी मोताळ्यापर्यंत आलीच आहे, आता बुलढाणा दूर नाही.

मांडवामागे मी ब्लेडनं दोरा कापत बसलो. मला झालेला आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मान खाली घातली होती.

“काका, स्प्रिंग तुटली. मुंबईहून मागवावी लागेल. वेळ लागेल.”

“लागू द्या.” ते शेजारी टेकले. चाकाकडे बघत म्हणाले, “तो आस सरळ होता, मास्तर. तीस वर्सं आस पाह्यले म्या.”

मी ब्लेड खाली ठेवलं. “मग बोलला का नाहीत?”

“काऊन बोलू? घरी सगळे मले जेवले का म्हनून इचारते. जेवलो म्हटलं का झालं. घाटातल्या इंजिनाचं कोनी इचारत नाई.” त्यांनी झेंडूची एक पाकळी चाकातून काढली. “रविवारची यष्टी मले सोयीची पडते.”

त्यानंतर दोन वर्षं काका दारातूनच विचारत, “आली का स्प्रिंग?” मी म्हणे, “नाही हो.” मग ते चपला काढून आत येत.

एका पावसाळ्यात लागोपाठ तीन रविवार आले नाहीत. चौथ्या रविवारी त्यांचा मुलगा आला. डोक्यावरचे केस काढलेले होते. काय झालं ते त्याला सांगावं लागलं नाही.

“इंजिन न्याले आलो,” तो म्हणाला. “बाबा म्हनत, लय नाजूक काम हाय, दुसरा कोनी हात नसता लावला. झालं नसंन तरी राहू द्या, तसंच नेतो.”

मी त्याला काकांच्या खुर्चीवर बसवलं, स्टोव्हवर चहा ठेवला आणि टेबलाचा खण उघडून स्प्रिंग काढली. पस्तीस मिनिटं लागली, त्यात चहा धरून.