जाऊबाईंचा निळा जाळ

माझ्या थोरल्या जाऊबाईंना मी निवांत बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. जेवतानासुद्धा एक गुडघा उभा, म्हणजे उठायला सोपं. गुरं रानातून परतायची वेळ झाली की यांचे कान टवकारलेच. घंटांचा आवाज आला रे आला, की घमेलं उचलून त्या गुरांच्या मागे. रस्त्यात पडलेलं शेण ज्याला सापडेल त्याचं, पण सापडायचं ते यांनाच. धसईजवळच्या आमच्या गावात त्यांना ‘गॅसवाली’ म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

नव्वदच्या सुमारास अनुदान मिळालं तेव्हा आमच्या आळीत चार गोबरगॅस बांधले गेले. मी लग्न होऊन आले तोवर त्यातल्या तीन घुमटांवर लाकडं वाळत पडली होती. चालू होता तो फक्त आमचा. जाऊबाईंच्या आईचे डोळे चुलीच्या धुराने गेले होते, त्यामुळे आपल्या घरात लाकूड पेटवायचं नाही हा त्यांचा हट्ट. “टाकीचं पोट भरलं तर आपलं भरल गो,” म्हणत त्या कोपरापर्यंत हात घालून शेण कालवायच्या. मला किळस यायची. पण शेगडीवर तो बिनधुराचा निळा जाळ फुलला, की किळस कुठल्या कुठे पळायची.

भांडण असायचं ते राबाचं. आमच्याकडे भाताची रोपं करायची जागा उन्हाळ्यात शेण आणि पालापाचोळा पसरून भाजतात, तो राब. घरातलं सगळं शेण तिकडे जायला हवं, असं थोरल्या दिरांचं म्हणणं. “गॅस काढल्यावर शेणात काय दम राहतो? चोथा खाऊन पोरं वाढतात काय?” जाऊबाईंनी राबाच्या एका कोपऱ्यात काही न भाजता, टाकीतून बाहेर पडलेली मळी तेवढी ओतली. त्या कोपऱ्यातलं रोप सगळ्यांत हिरवंगार आलं. दीर बराच वेळ बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, “यंदा पाऊसच बरा हाय.” मात्र पुढच्या वर्षी त्यांनी शेणाचा विषय काढला नाही.

जाऊबाई हरल्या त्या निराळ्याच गोष्टीपुढे. गावातली पोरं मुरबाडच्या कारखान्यांत लागली. गुरं राखायला माणूस मिळेना. बैल वर्षभर पोसण्यापेक्षा भाड्याचा ट्रॅक्टर स्वस्त पडू लागला. माझ्या नवऱ्याच्या पगारावर घरात सिलिंडरही आला. सगळ्यांचा हिशेब बरोबर होता, म्हणूनच मला जास्त राग यायचा. गॅसची टाकी बांधायला सरकारने पैसे दिले. ती रोज भरणाऱ्या बैलाला कोण देणार? जाऊबाई घमेलं घेऊन लांब लांब जाऊ लागल्या आणि रिकाम्या परतू लागल्या. “आता रस्त्यानं ट्रॅक्टर जातो गो. मागं काय टाकतो? धूर!”

अखेर म्हसा गावच्या जत्रेत, गुरांच्या बाजारात, दिरांनी बैलजोडी आणि म्हैस विकली. निघताना जाऊबाईंनी तिघांनाही ओवाळलं. दीर गुरं घेऊन वळणाआड गेले, तशा त्या गोठ्यात शिरल्या आणि उरलंसुरलं शेण खरवडून टाकीत घातलं. त्यानंतर स्वयंपाक सिलिंडरवर, आणि निळ्या जाळावर फक्त चहा. थंडीच्या दिवसांत गॅस तसाही कमी धरतो, त्यात टाकी उपाशी. एका सकाळी आधणाला उकळी फुटायच्या आधीच जाळ फडफडला आणि विझला.

“राहू द्या बाई, मी सिलिंडरवर ठेवते,” मी म्हटलं.

त्यांचा हात सवयीने घमेल्याकडे गेला आणि मागे आला. मग भिंतीला पाठ टेकून, दोन्ही पाय लांब पसरून त्या खाली बसल्या. मी चहा हातात दिला. तो निवला, परत गरम करून दिला. बाहेर ऊन अंगणभर झालं तरी त्या तशाच.

“उठा ना बाई,” मी म्हटलं.

“उठून काय करू गो?” त्या म्हणाल्या. “आता कोणाच्या मागं जाऊ?”