शेजारच्या बाजूचा खटका

हे वारले आणि त्यांची जुनी इंग्रजी स्पोर्ट्‌स कार विकायचं मी ठरवलं. तिच्यात बसायचा धीर मात्र पाच महिने झाला नव्हता. गाडी न्यायला आमच्या जर्मनीतल्या घरी कोलोनहून एक म्हातारा मेकॅनिक आला. दार वाजवावं तशी त्याने बॉनेटवर दोनदा बोटं वाजवली आणि तिथेच उभा राहिला.

"खटका तुमच्या बाजूला आहे," तो जर्मनमध्ये म्हणाला.

बॉनेटचा खटका चालकाशेजारच्या सीटपाशी आहे. त्याला तो स्वतः ओढता आला असता. मी नाइलाजाने आत बसले आणि ओढला.

"मूळ गाडी उजव्या स्टिअरिंगची. आपल्याकडच्या रस्त्यांसाठी इंग्रजांनी स्टिअरिंग डावीकडे आणलं, खटका तिथेच ठेवला. पुढच्या मॉडेलातही तिथेच! आळशी लेकाचे," तो हसला.

"हे मलाच ओढायला लावायचे. एरवी मी आपली नुसती शेजारी बसायचे."

"आल्झो, म्हणजे बघा, ह्या गाडीत नुसतं कोणीच बसत नाही. एकाने उघडायचं, एकाने बघायचं."

गाडी गेली. त्याचं नाव विचारायचं राहिलं. पण सव्वीस वर्षं मी ह्यांच्या छंदात नुसती शेजारी बसले होते, असं आता मी म्हणत नाही. हे त्याचे उपकार.