खांबाखालचा ठोकळा

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला मी घरात टिकत नाही. चहा अर्धा ठेवून उठतो, चपला शोधतो, फाटकापर्यंत जाऊन परत येतो. बायको म्हणते, "मुंग्या चावतात का काय तुम्हाला?" इतकी वर्षं हसून वेळ मारून नेली. पण जे झालं ते मी तिला एकदाही सरळ सांगितलेलं नाही. ज्यांना सांगायचं होतं त्यांनाही गेल्या वर्षीच सांगितलं, तेही वीस वर्षं उशिरा.

निजामी जाऊन बारा-तेरा वर्षं झाली असतील. भूमच्या बाजूला एका बाजारगावातल्या हायस्कूलात मी सुतारकाम शिकवायचो. नोकरी हंगामी होती. दर वर्षी उन्हाळ्यात नाव कमी व्हायचं आणि जूनमध्ये पुन्हा लागेल का नाही याची धाकधूक. तिथंच शास्त्राचे सर होते, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. तरुणपणी हैदराबादेत बिनतारी संदेशाचं शिक्षण घेतलेलं. ते संपलं, मास्तरकी पत्करली, पण कानातली टकटक काही गेली नाही. हौशी रेडिओचा परवाना मिळवायला त्यांनी कितीतरी अर्ज केले. परवाना हातात आला त्या दिवशी शाळेत पेढे वाटले. पेढे कशाचे, हे निम्म्या शिक्षकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

सरांच्या परसात चाळीस फुटी लोखंडी खांब उभा करायचा होता. लोक विचारायचे, "सर, झेंडा कवा लावायचा?" वहिनींचं वेगळंच. "घरात दोन शब्द बोलायची मारामार, मास्तर. आता खांबाशी बोलणार म्हणे!" सर मान खाली घालून हसायचे.

हा खांब तारा धरून ठेवण्यासाठी नव्हता. खांब हीच एरियल. यंत्रातली वीज त्यात चढणार, तिथून आभाळात जाणार. म्हणून त्याचं बूड जमिनीपासून तोडायला हवं होतं. "बूड मातीला टेकलं," सर म्हणायचे, "की आपलं सगळं बोलणं गांडुळांना ऐकू जाणार." खांब ताणून धरणाऱ्या तणाव्यांच्या तारांत घालायला, वीज अडवणारी चिनी मातीची अंडी त्यांनी कुठून तरी मिळवली होती. पण बुडाखाली अख्ख्या खांबाचा भार पेलेल असं चिनी मातीचं काही मिळेना. मग त्यांनी लाकडाचा ठोकळा करायचं ठरवलं. सासुरवाडीच्या जुन्या चौकटीचा सागवानी तुकडा घेऊन ते माझ्याकडे आले. सोबत डबाभर मेण. मुलांकडून वर्षभर गोळा केलेली मेणबत्त्यांची थुटकं.

"मास्तर, हे मेणात उकळायचं. लाकडातलं पाणी बुडबुडे होऊन वर येतं. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत बाहेर काढायचं न्हाय. दिवस लागला तरी लागू द्या."

"व्हय सर," मी म्हणालो.

एवढी घाई कशाची, ते त्यांनीच सांगितलं. हैदराबादेत त्यांच्यासोबत शिकलेला एक मित्र दूरच्या क्षयरोग रुग्णालयात पडून होता. बोलायची मनाई, पण उशाशी एक रेडिओ होता. दर रविवारी सकाळी नऊला सर इथून मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेघेच्या लिपीत, टकटक करणार आणि त्यानं पडल्या पडल्या ऐकायचं, असं दोघांत पत्रानं ठरलं होतं. "त्याला उत्तर देता यायचं न्हाय," सर म्हणाले, "पण रविवारची वाट बघायला मिळंल की."

त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. तपासणीला साहेब येणार होते, भाषण करताना समोर ठेवायचं लाकडी स्टँड हवं होतं. "नीट करा. तुमच्या कायम होण्याची शिफारस मला लिहायचीय," ते सहज म्हणाले. शाळेतलं सागवान अपुरं पडलं. पुढची पट्टी आणि दोन पाय राहिले होते. कोपऱ्यात सरांचा तुकडा होता. मी करवत चालवली. खोटं बोलत नाही, वाईट वगैरे काही वाटलं नाही. सुंदर लाकूड होतं, गोडीनं कापलं गेलं.

ठोकळ्यासाठी मी मोडक्या बैलगाडीचा कणा शोधला. दोन चाकांमधलं ते आडवं लाकूड, बाभळीचं. चाकाजवळच्या टोकाला वर्षानुवर्षं वंगण मुरलेलं. मनाशी म्हटलं, मेण काय नि तेल काय, पाणी आत शिरलं नाही म्हणजे झालं. उलट हे जास्तच चांगलं. टोक कापलं, रंधा मारून साफ केलं, वरून पातळ मेणाचा हात दिला. वंगणानं काळं पडलेलं ते लाकूड सागवान का बाभूळ, ओळखू येईना. उरलेल्या मेणानं स्टँडला चकाकी आणली.

आमच्या भागात गाडीचं वंगण कशाचं करतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून बघत आलो होतो. गवत जाळायचं, त्याची काळी राख एरंडेलात खलायची आणि गाडीखाली टांगलेल्या बांबूच्या नळ्यात भरून ठेवायची. तेल खरं, पण त्यात काजळी. आणि काजळीतून वीज जाते, हे सरांच्याच वर्गात फळ्यावर लिहिलेलं असायचं. मी दोन गोष्टी शेजारी ठेवल्याच नाहीत. किंवा ठेवायच्या टाळल्या.

"बुडबुडे थांबले?" सरांनी ठोकळा हातात घेत विचारलं.

"सकाळपासनं संध्याकाळपर्यंत उकळला, सर."

त्यांनी बॅटरी आणि मीटर लावून पाहिलं. काटा हलला नाही. कोरड्या लाकडावर, एवढ्याशा बॅटरीला, तो हलणारही नव्हता. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

तपासणीला स्टँडची तारीफ झाली. सर पुढच्या रांगेत होते. कार्यक्रम संपल्यावर त्या पट्टीवरून हात फिरवत म्हणाले, "काय लाकूड हाय हो मास्तर! आमच्या चौकटीच्या तोडीचं." मी बाकं आवरायला पळालो. पुढं मी कायम झालो.

खांब उभा राहिला. पहिल्या रविवारी सर आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून यंत्रापुढं बसले. मी परसात खांबापासून चार हात दूर उभा. पंधरा मिनिटं टकटक चालली. आठ-दहा दिवसांनी मित्राचं कार्ड आलं: मुंगी चालल्यासारखं काही ऐकलं, तुझं नाव ओळखलं, पुढं सगळं बुडालं.

सरांना वाटलं, यंत्राचं दुसरं टोक म्हणून जमिनीत पुरलेल्या तारा कमी पडल्या. मग आम्ही चर खणले. मीच कुदळ मारली. दोष कुठं आहे ते ठाऊक असताना, घाम गाळत, दुसरीकडं शोधत होतो. सर म्हणायचे, "तुम्ही सुट्टीचं येता मास्तर, तुमचे उपकार कुठं फेडू?" तेव्हा मी आणखी जोरानं कुदळ हाणायचो. तांब्याच्या नव्या तारा पुरल्या, वेटोळी बदलली, सरांनी वहीतलं गणित तीनदा मांडलं. श्रावणात भुरभुर लागली, तसं यंत्रातली वीज खांबात नीट चढेना.

एका रविवारी टकटक चालू असताना मला वास आला. करपलेल्या एरंडेलाचा. ठोकळ्याच्या अंगावर बोटभर काळी रेघ उठली होती, तिथून धुराचं सूत निघत होतं. सर खिडकीतून डोकावले.

"मास्तर, एरंडेल कुणाकडं करपतंय हो?"

तीन पावलांवर ठोकळा होता. बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

"शेजारी काहीतरी औषध करत असतील," मी म्हणालो. ते परत आत गेले. यंत्र बंद झाल्यावर मी पडलेली पानं वेचायचं निमित्त करून खाली बसलो आणि ती रेघ पटाशीनं खरवडली. वरून मेण चोळलं.

दिवाळीच्या आधी कार्ड आलं. अक्षर वेडंवाकडं. सरांनी ते शाळेच्या पायरीवर मलाच वाचून दाखवलं. "गेले सहा रविवार काही ऐकलं नाही. तुला कामं असतील. मनाला लावून घेऊ नकोस." त्यानंतर आलं ते दुसऱ्याच कुणाच्या हातचं, दोन ओळींचं.

सरांनी खांब उतरवला. "माझंच गणित चुकलं," एवढंच म्हणाले. वर्षभरात त्यांची बदली झाली. निघताना परसात पडलेला ठोकळा मी उचलून आणला. पेटीत तळाशी ठेवला.

गेल्या वर्षी कळलं की सर निवृत्त होऊन जळकोटला लेकाकडं राहतात. पिशवीत ठोकळा घेऊन एसटीनं गेलो. वहिनींनी ओळखलं. "अगंबाई, मास्तर! किती वाळलात." सर ओसरीवर तूर निवडत होते. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चौकट, स्टँड, कणा, धूर. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

सरांनी ठोकळा घेतला. नखानं मेण उकरलं, नाकाशी धरला, बराच वेळ.

"उकळला किती वेळ?"

"उकळलाच न्हाय, सर."

"मीटरनं धरलं न्हाय," ते स्वतःशीच म्हणाले. "ओला करून बघायला पाहिजे होता मी." क्षणभर मला वाटलं, पुन्हा स्वतःवरच घेतात. मी म्हणालो, "न्हाय सर, तुमचं काही चुकलं न्हाय." ते जरा जोरात बोललो असेन.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कार्ड मी तुम्हालाच वाचून दाखवलं होतं. पायरीवर."

"व्हय."

"तवा सांगायला पाहिजे होतं. तवा तो होता. आठ दिवसांत ठोकळा बदलला असता." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "कामात होतो म्हणून विसरलो, असं समजून गेला तो. मी विसरलो नव्हतो, हे आता त्याला कुणी सांगायचं, मास्तर?"

वहिनींनी चहा समोर ठेवला. तो मी प्यायलो, कारण न पिता उठणं आणखी वाईट दिसलं असतं. निघताना सरांनी ठोकळा माझ्या पिशवीत घातला. रागानं नाही. वर्गात मुलाची वही परत करावी तसा.

"हे तुमचं तुम्ही न्या. माझ्या घरात नको."

आता तो पेटीत नसतो. टेबलावर असतो, हे लिहितानाही आहे. ऊन चढलं की त्याला एरंडेलाचा वास सुटतो. बायको विचारते, हे काय आणून ठेवलंय? आज तिला हे कागद वाचायला देणार आहे. रविवार आहे, पावणेनऊ झालेत. आज फाटकाकडं जायचं नाही, असं ठरवलंय. चपला मात्र पायात आहेत.